तिरपा टाका: एक ओळ भरीव, एक विरळ, आणि चौकोन कलंडलेला. चुकतंय काय?

नवी_सुई

नीडलपॉइंट, म्हणजे जाळीदार कॅनव्हासवरचं लोकरीचं भरतकाम, त्यातला अगदी पहिला टाका शिकायला घेतलाय, तिरपा टाका म्हणजे टेंट स्टिच. ८ × ८ इंचाचा उशीचा दर्शनी भाग करायचा आहे. सामान असं: १२ नंबरचा (इंचाला १२ भोकं) मोनो कॅनव्हास, टॅपेस्ट्रीची लोकर, २२ नंबरची बोथट सुई. फ्रेम नाही, हातात धरूनच टाके घालतेय.

वरच्या उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात करून ३ × ३ इंच भरून झालं. एक ओळ उजवीकडून डावीकडे जाते, मग तिच्या खालची डावीकडून उजवीकडे परत येते. प्रत्येक टाका खालच्या डाव्या भोकातून वर काढून वरच्या उजव्या भोकात खाली घालते, त्यात चूक नाही. तरीही,

१. एक ओळ छान भरीव, तिच्या खालची विरळ, मग पुन्हा भरीव, पुन्हा विरळ. विरळ ओळींतून पांढरा कॅनव्हास डोकावतो.
२. विरळ ओळींतले काही टाके कॅनव्हासच्या धाग्यांमधे बुडून गेलेत.
३. भरलेला भाग चौकोनी राहिला नाही. वरची कड एकीकडे सरकली, खालची दुसरीकडे.
४. थोडे टाके झाले की लोकर पिंजल्यासारखी होते आणि शेवटी शेवटी बारीक दिसायला लागते.

शिवाय पार्श्वभूमीसह सगळं एकाच रंगात आहे आणि ८ मीटरच्या ७ लडी आणल्यात. पुरतील का?

---

उलटबाजू

काम पालथं करा आणि मागून बघा. भरीव ओळींच्या मागे लांब तिरके टाके दिसतील, विरळ ओळींच्या मागे आखूड उभ्या रेघा. म्हणजे तुम्ही नकळत दोन वेगळे टाके आलटून पालटून घातलेत. पुढून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून चूक लक्षात येत नाही.

तिरप्या टाक्याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींची सुलट बाजू एकच: एका चौफुलीवरून खालच्या डावीकडून वरच्या उजवीकडे गेलेला टाका. (कॅनव्हासचा उभा आणि आडवा धागा जिथे एकमेकांना ओलांडतात, त्या जागेला मी चौफुली म्हणतोय.) फरक आहे तो सुई मागून पुढच्या भोकाकडे कशी जाते त्यात.

अर्धी फुली: डावीकडून उजवीकडे जायचं. टाका वर उजवीकडे खाली गेला की सुई मागून सरळ खाली एका धाग्याखालून येते आणि पुढचा टाका सुरू होतो. मागे एक धागा उंचीची आखूड उभी रेघ. लोकर सगळ्यात कमी लागते, आणि नेमकं म्हणूनच कॅनव्हास नीट झाकला जात नाही.

कॉन्टिनेंटल: उजवीकडून डावीकडे. सुई मागून दोन धागे डावीकडे आणि एक धागा खाली अशी तिरकी जाते. मागे पुढच्यापेक्षाही लांब टाका पडतो, त्याची गादी पुढच्या टाक्याला उचलून धरते, म्हणून ओळ भरीव.

बास्केटवीव्ह: आडव्या ओळींऐवजी कर्णरेषेत जायचं. मागे विणलेल्या टोपलीसारखी वीण तयार होते.

तुम्ही जाताना कॉन्टिनेंटल केलंत. परत येताना कॅनव्हास न फिरवता डावीकडून उजवीकडे आलात, तेव्हा त्याच हालचालीची आपोआप अर्धी फुली झाली. पट्टे त्याचेच.

आता बुडालेले टाके. मोनो कॅनव्हासमधे धागे नुसते एकमेकांच्या वरखालून गेलेले असतात, चौफुलीवर जोडलेले नसतात. अर्धी फुली मागे एकाच आडव्या धाग्याला धरते, तेवढी पकड मोनोवर पुरत नाही. लोकर जराशी ओढली की धागे सरकतात आणि टाका फटीत जातो. अर्धी फुली करायचीच असेल तर इंटरलॉक कॅनव्हास घ्या, त्यात उभे धागे आडव्यांना पीळ देऊन जखडलेले असतात. नाहीतर पेनेलोपी घ्या, त्यात धागे जोडीजोडीने असतात. मोनोवर अर्धी फुली नकोच.

कॉन्टिनेंटल पुरी करायची तर प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅनव्हास फिरवायचा, म्हणजे नेहमी उजवीकडून डावीकडेच जाल. फिरवायचा म्हणजे पालथा नव्हे. वरची कड खाली येईल असा अर्धा फेरा. पाव फेरा फिरवलात तर टाक्याचा कल उलटा होतो, आणि हे चार ओळी झाल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधीच समासात पेन्सिलीने "वर" लिहून ठेवा.

कलंडण्याचं कारणही मागेच आहे. कॉन्टिनेंटलचा पुढचा टाका डावीकडे खाली, उजवीकडे वर असा झुकलेला, आणि मागचा लांब टाकाही त्याच बाजूला झुकलेला. दोघं मिळून प्रत्येक चौफुलीला एकाच दिशेने ओढतात. एका टाक्याची ओढ नगण्य असते, पण तुमच्या ३ × ३ इंचात ३६ × ३६ म्हणजे १२९६ टाके आहेत. अर्धी फुलीही पुढून ओढतेच, त्यामुळे ती तिथे मदतीला येत नाही.

पूर्ण ८ × ८ इंचासाठी मी बास्केटवीव्हच सुचवेन. पायऱ्या दुसऱ्या कुणी नीट लिहिल्या तर बरं, मला शब्दांत मांडताना नेहमी गोंधळ होतो.

---

ताणाबाणा

पायऱ्या मी लिहितो. कागदावर चौकटी आखून आकडे भरत वाचा, नुसतं वाचून डोक्यात शिरणार नाही.

सुरुवात भरायच्या भागाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात.

टाका १: कोपऱ्यातली चौफुली.
टाका २: १ च्या लगेच डावीकडे.
टाका ३: १ च्या लगेच खाली.

२ वरून ३ वर जाताना सुई मागे उभी असते, दोन आडव्या धाग्यांच्या खालून सरळ खाली. ही झाली उतरती ओळ, सध्या दोनच टाक्यांची.

टाका ४: ३ च्या लगेच खाली. हा वळणाचा टाका, इथे सुई जरा तिरकी जाते, जाऊ द्या.
टाका ५: ३ च्या डावीकडे, म्हणजेच २ च्या खाली.
टाका ६: २ च्या डावीकडे, सगळ्यात वरच्या ओळीत.

४ वरून ५, ५ वरून ६ जाताना सुई मागे आडवी असते, दोन उभ्या धाग्यांच्या खालून सरळ डावीकडे. ही चढती ओळ.

टाका ७: ६ च्या डावीकडे, पुन्हा वळण. मग ८, ९, १० खाली उजवीकडे उतरत जातात आणि १० उजव्या कडेला टेकतो. त्याखाली ११, तिथून पुन्हा चढण.

लक्षात ठेवायचं एवढंच: उतरताना सुई उभी, चढताना सुई आडवी. सरळ ओळीच्या मधेच सुई तिरकी दिसली तर थांबा, चौकट चुकली आहे. आणि वळणावर टाका विसरणं ही नवशिक्यांची हमखास चूक. ओळ कडेला टेकली की वरच्या कडेवर एक टाका डावीकडे किंवा उजव्या कडेवर एक टाका खाली, मगच उलट फिरायचं. तो राहिला की कडेला दात पडतात.

कॅनव्हास एकदाही फिरवावा लागत नाही. मागे उभे आणि आडवे टाके एकमेकांत गुंफले जातात, त्यांची ओढ एकमेकींना तोलते, म्हणून काम सरळ राहतं. पाठ जाड होते, आणि उशीसारख्या रोज घासल्या जाणाऱ्या वस्तूला ती हवीच.

आता एक गोष्ट, जी पुष्कळदा सांगायची राहून जाते. तुमचा मोनो कॅनव्हास डोळ्यांजवळ धरा. काही चौफुल्यांवर उभा धागा वर दिसेल, काहींवर आडवा. एका कर्णरेषेतल्या सगळ्या चौफुल्या एकाच जातीच्या असतात आणि शेजारची कर्णरेषा दुसऱ्या जातीची. उतरती ओळ नेहमी उभा धागा वर असलेल्या चौफुल्यांवर घालायची, चढती ओळ आडवा धागा वर असलेल्यांवर. खांबावरून उतरायचं, पायऱ्यांवरून चढायचं, असं डोक्यात ठेवा. त्यासाठी टाका क्रमांक १ आडवा धागा वर असलेल्या चौफुलीवर पडला पाहिजे, मग पुढचं सगळं आपोआप जुळतं. नक्षीचा कोपरा नेमका दुसऱ्या जातीच्या चौफुलीवर येत असेल तर तो एकटा टाका आधी घालून घ्या आणि १ तिथे न धरता उतरत्या ओळीचाच एक टाका समजा.

याचा फायदा दोन ठिकाणी. एक, टाके धाग्यांशी जुळून बसतात, पृष्ठभाग गुळगुळीत येतो. दुसरा जास्त मोठा: काम दोन दिवस ठेवून पुन्हा हातात घेतलं तरी चढायचं की उतरायचं हे कॅनव्हासच सांगतो.

कॅनव्हासची मूळ काठ उभी, म्हणजे डाव्या किंवा उजव्या हाताला हवी. तुकडा कापून आणला असेल आणि काठ गेली असेल तर उभं-आडवं एकदाच ठरवून टाका आणि शेवटपर्यंत बदलू नका.

सरावाला त्याच कॅनव्हासच्या कडेचा तुकडा घ्या, २० × २० टाक्यांचा चौकोन पेन्सिलीने आखा आणि तेवढाच भरा. ४०० टाक्यांत हात बसतो.

---

आखूड_दोरा

टाक्याचं झालं, आता लोकरीचं. पिंजण्याची कारणं तीन, तुमच्याकडे बहुधा तिन्ही आहेत.

सुई बारीक आहे. १२ नंबरच्या कॅनव्हासवर टॅपेस्ट्री लोकर म्हणजे २० नंबरची सुई. २२ नंबरची १६ ते १८ च्या कॅनव्हासला ठीक. सुईचा आकडा वाढला की सुई बारीक होते, इथेच गल्लत होते. जाड सुई भोक जरा उघडते आणि लोकर मोकळी मागून येते. बारीक सुईने भोक उघडत नाही, मग प्रत्येक टाक्याला लोकर कॅनव्हासच्या खळ लावलेल्या कडक धाग्यांवर खरवडली जाते. नेढंही अरुंद, तिथे वेगळी झीज. ओळखायची खूण: सुई भोकातून अलगद खाली पडली तर कॅनव्हासच्या मानाने बारीक, रेटावी लागली आणि धागे बाजूला झाले तर जाड. हलक्या दाबाने जायला हवी.

लोकर लांब घेताय. ४५ सेंटीमीटरच्या वर नको. लांब घेतली म्हणजे वेळ वाचतो असं वाटतं, पण शेवटचे टाके ज्या लोकरीतून पडतात ती तोवर कितीतरी वेळा भोकातून घासून निघालेली असते. तुमची लोकर "शेवटी बारीक दिसते" ती हीच. ४५ सेंटीमीटरमधे सुरुवातीचे ५, शेवटचे ५ आणि सुईत धरायला ५ वजा करा. उरलेल्यात १२ नंबरवर सुमारे ४० टाके होतात.

आणि लोकरीला उलट-सुलट असतं. तुकडा दोन बोटांत धरून आधी एका दिशेने, मग दुसऱ्या दिशेने बोटं सरकवा. एका बाजूने मऊ लागेल, दुसऱ्या बाजूने खरखरीत. बोटं ज्या टोकाकडून सुरू केल्यावर मऊ लागतं ते टोक सुईत ओवायचं, म्हणजे केस बसतच आत जातात. उलटं ओवलं तर दर टाक्याला उभे राहतात.

पीळ विसरू नका. दर टाक्याला सुई हातात थोडी फिरते आणि लोकरीचा पीळ वाढतो किंवा उसवतो. वाढला की टाका दोरीसारखा बारीक होऊन कॅनव्हास झाकत नाही, उसवला की लोकर कमकुवत होते. पाच-सहा टाक्यांनी काम उचलून सुई खाली लोंबू द्या, ती स्वतः गरगर फिरून थांबते.

सुरुवात गाठीने करायची, पण गाठ वरच्या बाजूला. पहिल्या टाक्यापासून साधारण इंचभर लांब, ज्या भागावरून पुढे टाके जाणार आहेत तिथे, सुलट बाजूने सुई आत घाला. मागचा तो इंचभर धागा येणाऱ्या टाक्यांखाली दाबला जातो. टाके गाठीपाशी पोचले की गाठ वर ओढून कापून टाका. मागे गाठ कधीच ठेवू नका, काम ताणल्यावर ती पुढून फोडासारखी उठते.

संपवताना मागच्या टाक्यांखालून इंचभर ओवून कापा. बास्केटवीव्हमधे हे टोक नेहमी उभं किंवा आडवं ओवा, तिरकं नाही. तिरकं ओवलेलं टोक कर्णरेषेवर साठतं आणि पुढून वळी दिसते. सगळी टोकं एकाच रेषेत संपवली तरी तेच होतं, म्हणून जागा बदलत राहा. टोक अगदी जवळून कापा. राहिलेली कुसं पुढच्या टाक्यासोबत वर येतात.

सुई शक्यतो रिकाम्या भोकातून वर काढा आणि आधीच लोकर असलेल्या भोकात खाली घाला. उलट केलं तर शेजारच्या टाक्याचे तंतू वर ओढले जातात. बास्केटवीव्हमधे हे बहुतांश आपोआप होतं. आधी लोकर असलेल्या भोकातून वर काढावंच लागलं तर शेजारच्या टाक्यात सुई खुपसू नका, तिचं बोथट टोक आधी भोकात चाचपून बाजूने काढा.

---

उलटबाजू

लोकरीचा हिशेब. एक टाका पुढून कर्णाएवढा, म्हणजे भोकांमधल्या अंतराच्या १.४१ पट. मागून अर्ध्या फुलीत १ पट, बास्केटवीव्हमधे २ पट, कॉन्टिनेंटलमधे २.२४ पट. १२ नंबरवर एका चौरस इंचात १४४ टाके. गुणाकार केला की दर चौरस इंचाला असं येतं:

अर्धी फुली ७४ सेंटीमीटर
बास्केटवीव्ह १०४ सेंटीमीटर
कॉन्टिनेंटल १११ सेंटीमीटर

६४ चौरस इंचाला बास्केटवीव्हने साधारण ६७ मीटर. त्यात टोकं, गाठी, वाया गेलेली लोकर धरून २० टक्के घाला, म्हणजे ८० मीटर, म्हणजे ८ मीटरच्या १० लडी. तुमच्या ७ लडी म्हणजे ५६ मीटर, ते फक्त अर्ध्या फुलीला पुरले असते. कमी पडणाऱ्या आत्ताच आणा आणि रंगाच्या क्रमांकाबरोबर रंगाईचा क्रमांकही जुळवून आणा. नंतर आणलेली लोकर वेगळ्या रंगाईची निघाली तर पार्श्वभूमीत सरळ रेघ दिसते. जुळली नाहीच, तर नवी लोकर कडेला वेगळी न भरता जुन्या लोकरीच्या ओळींमधे एकाआड एक मिसळा. त्या वेळी बास्केटवीव्हच्या कर्णरेषा कामाला येतात.

---

बारीक_रेघ

बास्केटवीव्हचं सगळं मान्य, पण कॉन्टिनेंटल टाकून देऊ नका. एकेरी रेघ, अक्षरं, पाकळीची कड, एकटे टाके, हे बास्केटवीव्हने होतच नाही, कारण कर्णावर पुढे जायला जागाच नसते. आधी बाह्यरेषा कॉन्टिनेंटलने, मग आतला भाग आणि पार्श्वभूमी बास्केटवीव्हने. उभी रेघ वरून खाली कॉन्टिनेंटलने करता येते, मागे टाका दोन धागे खाली आणि एक डावीकडे पडतो.

नक्षी निवडताना एक पाहा. डावीकडे खाली, उजवीकडे वर अशी कललेली रेघ सलग दोरीसारखी दिसते, कारण टाक्यांचा कलही तसाच. विरुद्ध कललेली रेघ मात्र सुट्या ठिपक्यांची दिसते. हातातली चूक नाही ती, टाक्याचा स्वभाव आहे. तशी रेघ ठळक हवी तर दोन टाके रुंद करा.

आणि एका रंगावरून दुसरीकडे जाताना मागून लोकर ओढत नेऊ नका. अर्ध्या इंचापलीकडे अंतर असेल तर तोडा. गडद लोकर फिक्या भागाच्या मागून नेली तर उजेडात सावली दिसते.

फ्रेमबद्दल कुणी बोललं नाही. चार पट्ट्यांच्या लाकडी चौकटीवर कॅनव्हास टाचण्यांनी ताणून बसवला तर कॉन्टिनेंटलही कमी कलंडतं. गोल रिंग नको, ताठ कॅनव्हासला ती वळ्या पाडते आणि झालेले टाके चेंगरते. चौकटीवर मात्र सुई एका झटक्यात वर-खाली काढता येत नाही. एकदा वरून खाली, एकदा खालून वर, दोन हालचाली. वेळ जास्त लागतो, पण ओढ सारखी राहते.

---

नवी_सुई

मागून बघितलं. एक ओळ तिरकी, एक उभ्या रेघांची, अगदी सांगितलं तसंच. २० नंबरची सुई घेऊन सरावाचा २० × २० चौकोन केला. चौकोन सरळ राहिलाय, पण पुढून मधोमध एक बारीक कर्णरेषा उठून दिसतेय, जणू तिथे जोड आहे. मागच्या बाजूला त्याच जागी दोन ओळी सारख्याच दिसतात. हे काय? आणि त्या मूळ ३ × ३ इंचाचं काय करू?

---

ताणाबाणा

तिथे काम थांबवून पुन्हा घेतलंत ना? सलग दोन चढत्या किंवा दोन उतरत्या ओळी झाल्या. मागे दोन आडव्या किंवा दोन उभ्या ओळी शेजारी आल्या की वीण तिथे तुटते आणि पुढून तीच रेघ दिसते. अशी रेघ ताणून, वाफ देऊन जात नाही. उसवून पुन्हा घालणं एवढाच उपाय.

टाळायला दोन सवयी. काम ठेवताना ओळ पूर्ण करून ठेवू नका, मधेच थांबा. पुढच्या वेळी दिशा उघड असते. ओळ संपवूनच लोकर संपली असेल तर मागे बघा: शेवटच्या ओळीत उभे टाके दिसले तर ती उतरती होती, आता चढायचं. आडवे दिसले तर चढती होती, आता उतरायचं. पुढून खात्री करायची तर पुढच्या मोकळ्या चौफुलीवर कुठला धागा वर आहे ते पाहा. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर आधीच कुठेतरी एक ओळ चुकली आहे.

पार्श्वभूमी नक्षीच्या दोन बाजूंनी वेगवेगळी भरत येऊन मधे जोडणार असाल तर चौफुलीची जात पाळणं हाच आधार आहे. नाहीतर नेमकी मधोमध रेघ येते.

---

उलटबाजू

३ × ३ इंच उसवा. फक्त विरळ ओळी उसवून त्या जागी कॉन्टिनेंटल घालता येईल असं वाटतं, पण ते टिकत नाही. भोकं सामाईक आहेत, एक ओळ काढताना शेजारची सैल होते आणि कलंडणं तर तसंच राहतं.

उसवायची पद्धत: टाका सुलट बाजूने छोट्या टोकदार कात्रीने कापायचा, कात्रीचं एक पातं टाक्याखाली, कॅनव्हासच्या धाग्याला स्पर्श न करता. तीन-चार टाके कापले की काम पालथं करून चिमट्याने तुकडे मागून ओढायचे. टाके न कापता सुईने मागे मागे ओवत काढू नका, लोकर भोकाभोकांतून पिंजत जाते आणि तिचे तंतू शेजारच्या टाक्यांत अडकतात. उरलेली कुसं चिकटपट्टी मागून दाबून उचलली की निघतात. निघालेली लोकर पुन्हा वापरू नका, ती तुमच्याकडच्या ५६ मीटरमधून वजाच समजा. चुकून कॅनव्हासचा धागा कापला गेला तर त्याच कॅनव्हासच्या कडेतून एक धागा काढून, कापल्या जागेच्या दोन्ही बाजूंना सात-आठ धागे ओवून, जुन्या धाग्याच्या वरखाली तसाच विणा. वरून टाके पडले की कळत नाही.

रिकामा झालेला कॅनव्हास तिरका दिसेल, घाबरू नका. सपाट पाटावर, ज्यावर आडव्या-उभ्या रेघांचा कागद आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिक आहे, कॅनव्हास ठेवा. समासात, भरतकामाच्या बाहेर, दर दोन सेंटीमीटरला न गंजणाऱ्या टाचण्या. आधी चार कोपरे रेघांवर आणा, मग कडांचे मध्य, मग उरलेलं. थंड पाण्याचा फवारा, कॅनव्हास ओलसर होईल एवढाच. भिजवून चिंब केला तर खळ विरघळते आणि ताठपणा जातो, पुढचे टाके त्या लिबलिबीत कापडावर घालणं त्रासाचं. पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे एक-दोन दिवस, टाचण्या काढायच्या नाहीत. नक्षी शाईने छापलेली असेल तर फवाऱ्याआधी ओला पांढरा कापूस कोपऱ्यावर दाबून रंग उतरतो का ते बघा.

पूर्ण झालेल्या उशीलाही शेवटी असंच ताणून वाळवायचं, फक्त इस्त्री टाक्यांवर दाबायची नाही. दाबलेली लोकर चपटी झाली की पुन्हा फुगत नाही.

---

डावखुरा

डाव्या हाताने काम करणाऱ्यांसाठी पण सांगा कुणीतरी. वरच्या उजव्या कोपऱ्यातून सुरुवात केली की स्वतःचाच हात आड येतो.

---

ताणाबाणा

कॅनव्हास अर्धा फिरवल्यावर जसं दिसेल तसं सगळं करा. सुरुवात खालच्या डाव्या कोपऱ्यातून. सुई वरच्या उजव्या भोकातून वर काढायची आणि खालच्या डाव्यात घालायची. टाका २ हा १ च्या उजवीकडे, ३ हा १ च्या वर, ४ हा ३ च्या वर, ५ हा ३ च्या उजवीकडे, ६ हा २ च्या उजवीकडे. २ वरून ३ कडे सुई उभी, वर. ४ वरून ६ कडे सुई आडवी, उजवीकडे. टाक्याचा कल तोच राहतो, त्यामुळे नक्षीत काही बदलावं लागत नाही.

चौफुलीचा नियम वाचताना "उतरती-चढती" हे शब्द इथे फसवतात, कारण तुमची उभ्या सुईची ओळ वर चढते. म्हणून तुम्ही ओळीचं नाव विसरा, सुईकडे बघा: सुई उभी असेल ती ओळ उभा धागा वर असलेल्या चौफुल्यांवर, सुई आडवी असेल ती आडवा धागा वर असलेल्यांवर.